डावीकडचं ‘होय’

झकिया मेझगानीला आमच्या स्फाक्स शहरात कुणी प्रोग्रॅमर वगैरे म्हणत नसे. ‘ती पेट्यांवाली’ म्हणत. काम करता करता पडद्यावर मध्येच एक चौकट उघडते, काहीतरी विचारते आणि होय की नाही सांगेपर्यंत जागची हलत नाही, ती पेटी. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यापासून ग्रेम्दा रस्त्यावरच्या तेलघाणीपर्यंत जिथे जिथे जुनापुराणा संगणक होता, तिथे तिथे झकियाच्या पेट्या उघडत.

जुनापुराणा हे मुद्दाम सांगतोय. आमचे मालक लोक फ्रान्सच्या कचेऱ्यांनी टाकून दिलेली यंत्रं आणत आणि वर म्हणत, चालतंय की! त्या यंत्रांना मेमरी एवढीशी, की साधा प्रोग्रॅमही आत मावायचा नाही. म्हणून झकिया असेंब्लीत लिही. असेंब्लीत लिहिणं म्हणजे यंत्राला एकेक पाऊल सांगणं. हे उचल, तिथे ठेव, एक वजा कर, शून्य झालं तर पुढे उडी मार. एक साधी चौकट काढायची तर तिचे चार कोपरे, वरची रेघ, खालची रेघ, मधलं वाक्य, सगळं हातानं. दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. ही बाई त्यात रमे.

पेट्या बोलत मात्र फ्रेंच. यंत्राला अरबी येतच नव्हती. आता त्र्याण्णव साली ही काही कुणाला तक्रार वाटत नव्हती. झकियालाही वाटली नसती, पण एकदा घाणीवरची वायर बघायला गेली असताना तिनं वजनकाट्यावर बसणाऱ्या तौहामीकाकांना सहज विचारलं, “काका, ही पेटी काय विचारते ठाऊक आहे ना?”

“मला काय ठाऊक? फ्रेंच आहे ते,” तौहामी म्हणाला. “डावं दाबलं की गिऱ्हाईक खूश. माल विकायला आणला असेल तर उजवं. झालं.”

म्हाताऱ्याला अरबी येत होती. लहानपणी मशिदीच्या शाळेत शिकलेला, पेपर सावकाश का होईना पण वाचायचा. आणि इतकी वर्षं तो न कळणाऱ्या प्रश्नाला उत्तरं देत बसला होता! प्रश्न काही साधा नव्हता. हा माल वेगळा गाळायचा का? आमच्याकडे ज्याची स्वतःची ऑलिव्हची झाडं आहेत, तो आपल्याच झाडांचं तेल घरी नेतो. दुसऱ्याचं फुकट दिलं तरी नको. घाणीपाशी उभा राहतो, तोटीतून पहिली धार आली की तिच्यात पाव बुडवून खातो, मगच त्याच्या जिवात जीव येतो.

झकियानं मनावर घेतलं. अख्खा उन्हाळा बारीक चौकोन आखलेल्या कागदावर ठिपक्या-ठिपक्यानं अरबी अक्षरं काढत बसली. अरबी अक्षराचं तोंड शेजारी कोण बसलंय त्यावर बदलतं, सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. आई म्हणे, “भरतकामाचा नमुना काढतेयस तर निदान एका उशीवर तरी भर!”

अक्षरं झाली, मग पेटी. वाक्य उजवीकडून सुरू, मथळा उजवीकडे, आणि बटणांतलं पहिलं, म्हणजे ‘होय’, तेही उजवीकडे. घाणीचा मालक मुन्सिफ, आमच्याकडे मानानं ‘सी’ मुन्सिफ, म्हणाला, “बटणं राहू दे की होती तिथे.” झकियाच्या नाकावर राग. “सी मुन्सिफ, ‘होय’ डावीकडे ठेवलं तर ती अंगात जुब्बा घातलेली फ्रेंच पेटी होईल. मला अरबी पेटी करायचीय.” सी मुन्सिफनं हात जोडले.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मबरूका नावाची विधवा आपल्या गाडीवरून पोती घेऊन आली. तिच्या नवऱ्यानं लावलेली मोजकीच झाडं, त्यांचं तेल दरवर्षी मार्सेयला मुलाकडे जायचं. बाई पाव हातात धरून तोटीपाशी उभी राहिली. उभीच राहिली. तेल आलंच नाही. तिचा माल केव्हाच सगळ्या गावाच्या मालात, मोठ्या टाकीत गेला होता.

मबरूकानं जी तोंडाची तोफ डागली, ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली. “अरे मेल्यांनो, माझ्या नवऱ्याची झाडं होती ती! आता कुणाकुणाच्या तेलात शोधू त्याला?” तेल काही गाळून वेगळं काढता येत नाही. सी मुन्सिफनं तौहामीला घरी पाठवलं आणि काट्यावर आपला भाचा बसवला.

झकियाला कळलं तशी ती मोपेड काढून तडक तौहामीच्या घरी गेली, त्याला मागे बसवून आपल्या खोलीवर आणलं आणि यंत्रासमोर बसवलं. “काका, दाबा बरं.” पेटी उमटू लागली. जुनं यंत्र, सावकाश एकेक रेघ काढणारं. खालची रेघ पुरी व्हायच्या आत म्हाताऱ्याचा अंगठा डावीकडच्या बाणावर पडला होता, आणि डावीकडे आता ‘नाही’ होतं. वाचायचा प्रश्नच नव्हता. इतक्या वर्षांत वाचण्यासारखं तिथे काही नव्हतंच, तर हात डोळ्यांची वाट कशाला बघेल?

झकियानं कपाळाला हात लावला. तौहामी ओशाळून आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. “ह्यानं माझी भाकरी घालवली,” म्हणाला.

ती सी मुन्सिफकडे गेली. “चूक माझी आहे. मी बटणांची जागा बदलली.”

“पेटी कधी चुकते होय? बोट चुकतं,” सी मुन्सिफ म्हणाला. मग जरा नरमला. “मबरूकाची उरलेली झाडं उतरायचीत. रविवारी पोती घेऊन येणार आहे. येणार कसली, मीच पाया पडून बोलावलंय. त्या दिवशी तौहामी बसू दे. तिचं तेल तिच्या डब्यात गेलं तर तो राहील. नाहीतर भाचा आहेच.”

झकिया घरी आली आणि जे करणार नाही म्हणून भांडली होती तेच केलं. ‘होय’ डावीकडे नेलं, ‘नाही’ उजवीकडे आणलं. काम दोन ओळींचं. तेवढं करून उठली, तोंड धुतलं, पण मनातली जळजळ काही जाईना. तौहामीला मात्र सांगितलं नाही. सांगितलं तर म्हातारा आणखी गोंधळेल. त्याचा हात डावीकडेच जाणार, जाऊ दे, आता तिथे ‘होय’ आहे.

रविवारी सकाळी तिनं घाणीवर जाऊन नवी फ्लॉपी चढवली. मबरूका सगळ्यांच्या आधी हजर. सी मुन्सिफ काट्यामागे कमरेवर हात ठेवून उभा. तौहामी धुतलेला अंगरखा आणि तांबडी टोपी घालून आला, खुर्चीत बसला आणि आपल्याशीच पुटपुटू लागला, “उजवं. उजवं. उजवं.”

झकियाला घोळ कळला. म्हाताऱ्यानं आठवडाभर हाताला नवं वळण लावलं होतं, आणि हिनं नेमकं तिथे ‘नाही’ नेऊन ठेवलं होतं. ओरडून सांगावं तर सी मुन्सिफ म्हणेल, ह्याला दाबायलासुद्धा दाई लागते. न सांगावं तर बाईचं तेल दुसऱ्यांदा जाईल, आणि म्हातारा कायमचा. ती ओरडायला तोंड उघडतेय तोवर वजन झालं आणि पेटी उघडली.

तौहामीचा अंगठा उजव्या बाणाकडे गेला. आणि थांबला.

त्यानं दुसऱ्या हाताचं बोट काचेवर टेकवलं आणि उजवीकडून सरकवू लागला. “हा... माल... वेगळा... गाळायचा?” मग मान वळवून मबरूकाला म्हणाला, “काय गं बाई, वेगळाच ना?”

“आता विचारतोस होय रे मेल्या! वेगळा! वेगळा!”

“बरं, बरं, ओरडू नकोस. वाचू दे.” बोट खालच्या ओळीवर आलं. उजवं बटण. “नाही.” भुवया वर गेल्या. बोट पुढे सरकलं. “होय.” त्यानं पुन्हा एकदा दोन्ही वाचली. मग अंगठा उचलून डावीकडे नेला आणि दाबला.

पोती घाणीत गेली. काही वेळानं तोटीतून हिरवट धार पडली. मबरूकानं पाव बुडवला, खाल्ला आणि तिथल्या तिथे रडू लागली. सी मुन्सिफ भाच्याला म्हणाला, “चल, तू पोती उचलायला लाग.”

झकिया काट्यापाशी आली, तर तौहामी तिच्यावरच उखडला. “पोरी, पेटी उलटी बसवलीस की! आठवडाभर उजवं-उजवं घोकलं मी, बायको वैतागून माहेरी जायची बाकी होती. आणि तू तिथे ‘नाही’ ठेवतेस? घात झाला असता माझा!”

“काका, मीच बदललं,” झकिया खालच्या आवाजात म्हणाली. “तुमच्यासाठीच. मला वाटलं, तुमचा हात काही सुधारायचा नाही. तुम्ही वाचाल असं वाटलंच नाही.”

तौहामीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. राग कुठल्या कुठे गेला होता, पण जे उरलं होतं ते रागापेक्षा वाईट होतं.

“मग अरबीत केलीस कशाला गं?” तो म्हणाला.