विमानाला मागून इंजिन

पोस्टात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते पत्ता विचारत स्वतःच येतात! मी कर्जतच्या पोस्टात तारबाबू होतो. स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईहून लंडनला विमान सुरू झालं, आणि खालापूरकडच्या रामा पाटलाची लेक यमुना नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी त्यात बसणार असं ठरलं. झालं! आमचं पोस्ट म्हणजे विमानतळच झालं.

*

पोस्टमास्तरांनी भिंतीवरच्या नकाशावर सुतळी लावून अंतर मोजलं. "पाच हजार मैल!"

आमचा पोस्टमन गोमा रोज दहा मैल चालायचा. त्यानं बोटं मोजली. "म्हंजे पाचशे दिवस. रविवार सोडून!"

"अरे, मधे समुद्र आहे!"

"मग टपाल भिजंल, सायेब."

*

रामा पाटील चौकशीला आला. मास्तर म्हणाले, "एक दिवस लागतो. मधे कैरोला थांबतं, जिनिव्हाला थांबतं."

"म्हंजे ठेसनं हायेत!" रामाला धीर आला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, कर्जतला घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजान लावत्यात, तसं डोंगर आला की मागून दुसरं इमान लावत्यात का?"

*

लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हे मास्तरांनी रामाला तासभर समजावलं.

"म्हंजे पोर तिथं उतरली की साडेचार तासांनी लहान?"

"तसंच काहीसं."

"बरं झालं! लग्नाला उशीर झाला म्हणून पावणे बोंबलत व्हते!"

*

'सुखरूप पोचले' ही इंग्रजी तार लंडनहून कर्जतला एका दुपारात आली. कर्जतहून रामाच्या गावी पोचायला तिला दोन दिवस लागले. ओढ्याला पूर होता, आणि गोमा तार टोपीत घालून अलीकडच्या काठावर बसून होता!

*

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून रामाची बायको चांगुणा उतरली, तार मुठीत घेऊन. मागून रामा. "पोरगी गेल्यापासून ही जेवली नाय, नुसत्या च्यावर हाय हो. तारेवर इस्वासच नाय तिचा."

"ही माज्या यमीची बोली नाय," चांगुणा म्हणाली. "विंग्रजी कोण बी लिवंल. तुमी माजं लिवा."

"काय लिहू?"

"जेवलीस का?"

मास्तर म्हणाले, "अहो बाई, पाच हजार मैलांवर तार, आणि एवढंच?"

"मंग आजून काय इचारायचं असतं?"

मी इंग्रजी अक्षरांत तसंच्या तसं पाठवलं. ती व्हरांड्यात बसून राहिली. रामानं विनवलं, मास्तरांनी घरून ताट मागवलं. तिनं हात लावला नाही.

पाचच्या सुमारास यंत्र कडकडलं. मी एकेक अक्षर उतरवून घेतलं. बाहेर येऊन मोठ्यानं वाचलं, "जेवले. तू?"

चांगुणानं तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटा धरून बराच वेळ बघितला, पदरानं तोंड पुसलं आणि वळून म्हणाली, "गोमा, तुज्या डब्यात काय हाय रं?"