एजिदिओचा लाल झगा

एजिदिओ लोपार्दो आमच्या गावचा येशू होता. एरवी तो द्राक्षाच्या वेली छाटायचा. पण गुड फ्रायडेला लाल झगा अंगात घालून, खांद्यावर क्रूस घेऊन चढावरच्या चर्चकडे निघाला, की आमच्या डोंगरातला वारासुद्धा दबकून वाहायचा.

मिरवणुकीत येशू तीनदा पडतो. तिसऱ्यांदा लोहाराच्या उतारावर. तिथे काळ्या शालीतल्या बायका पुढे बसतात. त्या रडल्या नाहीत तर पुढच्या वर्षी झगा दुसऱ्याकडे जातो. घरच्या बाईचं रडणं धरत नाहीत. हा नियम पोपलाही मोडता आला नसता.

एजिदिओ पडायचा मात्र देखणा. आधी गुडघा, मग तळहात, मग हळूच आभाळाकडे वळणारे डोळे. बायका हंबरडा फोडायच्या. त्याची बायको फिलोमेना तेवढी कोरडी. कारण बोटात काटा रुतला तरी हाच माणूस घरात गल्ली गोळा करायचा. तिनं दोन लेकरं पुरली होती. तेव्हा बघायला कुणी ओळीनं बसलं नव्हतं.

एकदा फादर साव्हेरिओंनी प्रवचनात ‘पास्सिओ’ हा लॅटिन शब्द उलगडला. “त्यात सोसणंही आलं आणि मनाचा उमाळाही आला.” आपलंच कौतुक चाललंय अशा थाटात एजिदिओ मान डोलवत होता. बाहेर पडताना फिलोमेना म्हणाली, “फादर, आमच्याकडे वाटणी झालीय. उमाळा यांचा, सोसणं माझं.”

त्या वर्षी गुड फ्रायडेच्या सकाळीच एजिदिओच्या कमरेत मुतखड्याची कळ उठली. भिंत धरून तो पांढराफटक उभा.

“अहो, नका जाऊ.”

“नाही गेलो तर झगा नुन्झिओकडे जाईल. त्या न्हाव्यानं थंडीपासूनच दाढी वाढवलीय.”

तो गेला. दात आवळून, कुणाकडे न बघता, मुकाट. उतारावर तो धोंड्यासारखा कोसळला. ना तळहात, ना आभाळाकडे डोळे. कपाळावरून घाम निथळत होता, तोंडातून शब्द नाही.

पुढच्या ओळीत पास्क्वालिना मावशीनं नाक मुरडलं. “यंदा जीवच ओतला नाही गं यानं.”

“म्हातारा झाला. नुसता पडून राहिलाय.”

फिलोमेना मात्र ढसाढसा रडत होती. “अगं बायांनो, खरंच दुखतंय त्यांना!”

“असेल,” मावशी म्हणाली, “पण आम्हाला दिसायला नको?”

शनिवारी मावशी झगा न्यायला आली, तेव्हा खडा सरकत होता. आतून एजिदिओची किंकाळी आली आणि गल्लीतली कबुतरं उडाली. मावशीनं शालीला डोळे पुसले. “मेल्या, हे काल का नाही केलंस?” असं म्हणून रडतरडत झगा घेऊन गेली.

नुन्झिओ बुटका निघाला. झगा पायात येत होता, म्हणून आखूड करून घ्यायला तो फिलोमेनाकडेच आला. ती दारात बसून टाके घालत होती. एजिदिओ शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होता. तिनं विचारलं, “दुखतंय का अजून?”

“नाही,” तो हळूच म्हणाला.

तिला ते खरं वाटलं नाही. म्हणून ती त्याच्याकडे जरा सरकून बसली.