दारावरची उलटी कोरफड
शेजारणीने भाजलेल्या बोटाला लावायला कोरफडीचं पान चिरलं आणि त्या कडवट वासाने माझं डोकं पुन्हा तापलं. मालवणच्या घरी चुलतसासूने दृष्ट लागू नये म्हणून मुळांसकट एक कोरफड दारावर उलटी टांगली होती. पानं खाऱ्या वाऱ्यावर हलायची आणि आमची मांजरी बाकावरून उडी मारून ती चावायची. एका सकाळी पडवीभर पिवळी ओकारी दिसली आणि कोपऱ्यात ती मान टाकून पडलेली. तिने कोरफड चावल्याचं सांगताच गुरांचे डॉक्टर म्हणाले, "कोरफड माणसाला औषध असेल, मांजराला बाधते. आधी ती काढा." सलाईनवर मांजरी कशीबशी वाचली. तिला घेऊन घरी आले, तर चुलतसासू आल्यागेल्याला सांगत होती, "बरां झालां गो, घरार इल्ली दृष्ट मांजरार गेली!" आणि तिच्या हातात नवी कोरफड, आधीपेक्षा मोठी! मी ती हिसकावून अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावली. "तुमका दृष्ट दिसता, ओकणारां मांजर दिसणा नाय?" तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. नको बोलू दे. आजही कुणाच्या दारावर उलटी कोरफड दिसली, की मी आधी खाली मांजर आहे का बघते, आणि माझे हात शिवशिवतात.