बाबांच्या डोक्यावरचा ठिपका

मे महिन्यात लखनऊला धुळीची आँधी सुटते, म्हणून मी बाहेर कॅमेरा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवतो आणि लेन्स तर मुळीच बदलत नाही. बाबांना हे ठाऊक नव्हतं. रेल्वेतून रिटायर होऊन ते आमच्याकडे, लखनऊच्या महानगर भागात, राहायला आले होते. गोमतीकाठी फोटो काढताना मी प्यायचं पाणी आणायला गेलो, तेवढ्यात मला मदत म्हणून त्यांनी उघड्यावरच लेन्स काढली. मी चारचौघांत ओरडलो, "कळत नाही तर हात कशाला लावता?"

त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला कधी हात लावला नाही. नुसती बॅग पोटाशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

धूळ आत सेन्सरवर बसली होती. प्रत्येक फोटोत आभाळात त्याच जागी ठिपका यायचा आणि मी तो चरफडत कॉम्प्युटरवर पुसायचो.

बाबा गेले तेव्हा फ्रेमसाठी त्यांचा बॅग धरलेलाच फोटो सापडला. त्यातला ठिपका मात्र मला पुसवेना.

परवा मुलगी रुमालाने त्या फ्रेमची काच घासत होती. "पापा, धूल लगी है, जा ही नहीं रही."

"काचेवर नाही गं ती," मी म्हणालो. "राहू दे. आजोबांची आहे."