देवीची हळद

माझी सासू रंगूबाई कुठल्याच बाबा-महाराजाला भीक घालत नाही. घोडबंदर रोडला आमच्या शेतात टॉवर उभे राहिले, मिठागरं गेली, पण ही आंघोळ करून रोज गावदेवीपुढे चिमूटभर मीठ ठेवून येते. तिथे काय बोलते, ते ती आणि देवी जाणे.

माझा नवरा कमलेश मात्र महाराजांचा. महाराज म्हणजे एसी गाडीतून उतरणारे आणि खाली गालिचा नसेल तर पाय न टेकणारे गृहस्थ. त्यांची आज्ञा घेतल्याशिवाय आमच्याकडे नवा फ्रिजसुद्धा येत नाही. मी आतल्या आत चडफडायचे. उगाच घरात तमाशा नको म्हणून गप्प बसायचे.

मग आमच्या समृद्धीचं लग्न ठरलं. कल्याणचा सुशांत, तिने स्वतः पसंत केलेला. साखरपुडा झाला, दारात मांडव पडला आणि ऐन हळदीच्या दिवशी महाराजांनी फर्मान काढलं, "मुलाच्या घरी आपली उपासना नाही. लग्न मोडा."

"मी सुशांतच्या घरी फोन करून कळवतो," कमलेश म्हणाला. माझी पोर भिंतीला टेकून खालीच बसली. त्या क्षणी मला नवऱ्याची शिसारी आली.

रंगूबाई उठली. "मिठागरान माझे पाय सोलले तवा मी देवीलाच हाका मारल्या. तुझा महाराज कवा आला व्हता रं?"

"आई, देव कळायला गुरू लागतो."

"पोराला आयेची वलख शेजारी करून देतो का?"

तिने हळदीची वाटी उचलली. आमच्या गावात हळद आधी देवीला लागते, मग मुलीला. आणि एकदा देवीला लागली, की ते लग्न कुणाच्या बापालाही मोडता येत नाही. महाराजांच्या नादात कमलेश तेवढं विसरला होता. भर दुपारी म्हातारी दारोदार हाका मारत निघाली. बायका गात मागे चालल्या, समृद्धीचा हात धरून मीही गेले. रंगूबाईने दोन्ही हातांनी देवी पिवळीधमक केली.

कमलेश धावत आला तेव्हा उशीर झाला होता. मोबाईल हातातच होता, सुशांतच्या घरी फोन अजून लावलाच नव्हता. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

"आता महाराजांना काय सांगू?"

सासूने पदराला हात पुसले.

"सांग, हिंमत असंल त ये म्हनावं, आन देवीचे आंगाची हलद पुसून दाव."