नायट्रिकच्या सिलिंडरपुढे मी

मी एकदा नवऱ्याच्या औषधाला दारातच अडवलं होतं, दोन्ही हात पसरून. तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, त्यामुळे वय कच्चं होतं असंही म्हणायची सोय नाही.

हे जवाहरनगरच्या कारखान्यात ॲसिडच्या विभागात होते. क्वार्टरमध्ये आमचा सगळा संसार एका धाकावर चाले: नायट्रिकचा तांबूस धूर दिसला की श्वास रोखायचा आणि पळायचं. भाजी अळणी झाली तर चालायची, पण हा धडा चुकलेला ह्यांना चालत नसे.

रिटायर झाल्यावर वर्षभरात ह्यांना न्यूमोनिया झाला. चार दिवसांत दोन्ही फुफ्फुसं भरली. नागपूरच्या एका दवाखान्यात घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवलं, पालथं झोपवून पाहिलं, तरी रक्तात ऑक्सिजन टिकेना. मुलगी पुण्याहून निघाली होती, म्हणून संमतीच्या कागदावर सही माझीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, नायट्रिक ऑक्साइड गॅस देऊन पाहू या."

नायट्रिक! मी कागद त्यांच्या हातात कोंबला, पदर खोचला आणि दारातच सिलिंडरच्या ट्रॉलीपुढे उभी राहिले. "माणसाले जाळता काय? ह्यानं फुफ्फुस जळते! मले नोका शिकवू, आमी कारखान्यातले लोक आहोत!"

कारखान्यातले लोक म्हणे! गेटच्या आत मी कधी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

बाई चिडल्या नाहीत. "बरोबर आहे तुमचं. जास्त झाला तर इजा करतोच. म्हणून अगदी नखभर देतो, आणि ह्यातून तुमच्या कारखान्यातला तो तांबूस वायू तयार होतोय का, हे मशीन सारखं मोजतं. फुफ्फुसात जिथं हवा पोचते, तिथल्या रक्तवाहिन्या हा उघडतो. न्यूमोनिया बरा करत नाही, फक्त थोडा वेळ मिळवून देतो. लागू पडेलच, अशी खात्री देत नाही."

त्या शेवटच्या वाक्याला मी विरघळले. खात्री देणाऱ्यांवर माझा कधीच भरवसा नव्हता. सही केली आणि ट्रॉलीपुढून बाजूला झाले.

तासाभरात काचेपलीकडचा ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशीचा नव्वद झाला. पुन्हा घसरला, पुन्हा चढला. मी खुर्चीत बसून त्याच्याबरोबर चढत-उतरत होते. पाचव्या दिवसापर्यंत गॅस कमी करत करत बंद केला, आणि पंधरवड्यानं नळी निघाली.

घरी आल्यावर मी सगळं कबूल केलं. हे दम लागेपर्यंत हसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अवं, मी तिकडं एका श्वासासाठी मरून राहिलो होतो, अन् तू दारात भांडून राहिली होतीस? पुढच्या टायमाले आधी सही कर, मंग भांड!"