‘स्लिप’चा रकाना

हवालदारसाहेब माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या कोपरांकडे बघत. सैन्यातून निवृत्त होऊन ते आदिलाबादच्या आमच्या सैनिक कल्याण दफ्तरात लागले तेव्हा मी तिथे टायपिस्ट होतो. सुट्टीवर आलेल्या जवानांकडे मोटारसायकल आहे का आणि अपघात किती झाले, हे विचारून फॉर्म भरणं, एवढंच त्यांचं काम.

पहिला महिनाभर प्रत्येक फॉर्मवर ‘अपघात : नाही’. एकाने तर उजव्या हाताला पलस्तर असल्यामुळे डाव्या हाताने सही केली. “मंग हे काय हाय रे?” हवालदारांनी विचारलं. “हे काही ॲक्सिडेंट नाही साहेब, गाडी स्लिप झाली.” आमच्याकडे पोलीस आल्याशिवाय अपघात होत नाही. तेव्हापासून ते विचारू लागले, “गाडी कितीदा स्लिप झाली?” आणि जवान बोटांवर मोजू लागले. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. त्यांनी पट्टी घेऊन आखला.

गाडी अकरा महिने भावाच्या हाती, मालक सरहद्दीवर. “सुट्टीतला जवान गावात पाव्हणा असते,” ते थकल्या आवाजात सांगत. “हात विसरते, रुबाब नाही विसरत.”

दफ्तराच्या मोठ्या साहेबांनी तो रकाना काढून टाकायला सांगितला. रस्ता सुरक्षेचा समारंभ ठरला होता, ‘शून्य अपघात’ असा फलकही छापून आला होता. हवालदारांनी अहवालावर दस्तखत केली नाही. “फलक उंच बांधा साहेब,” म्हणाले, “खाली कोणी पडला तर दिसाले नको.” दस्तखत दुसऱ्याने केली. शालही त्यालाच मिळाली.

नार्नूरचा किसन एकाच सुट्टीत तीनदा ‘स्लिप’ झाला होता. अहवालात त्याला जागा नाही म्हटल्यावर हवालदार बसने त्याच्या घरी गेले. मी सोबत होतो. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि दोन्ही किल्ल्या आणून त्यांच्या हातावर ठेवल्या.

“काऊन घेऊन चालले, काका? गाडी माही हाय!”

“गाडी तुहीच हाय. खाटेवर पडला तं पाणी मायलेच पाजा लागंल. पुढच्या सुट्टीत ये घ्याले.”

किसन गाव ऐकेल अशा आवाजात बोलत राहिला. बस येईपर्यंत हवालदारांनी त्याला अडवलं नाही. नंतर दफ्तराने त्यांची मुदत वाढवली नाही. ते घरी बसले. अर्ज करण्याएवढी ताकद बहुधा उरली नव्हती. उन्हाळ्यात, आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या आपल्या घरी, दुपारी झोपेतच गेले.

पुढच्या सुट्टीत किसन किल्ल्या घ्यायला आला. मी हवालदारांच्या बायकोला, काकूंना, भेटायला आलो होतो. हवालदार गेल्याचं त्याला दारातच कळलं. काकूंनी किल्ल्या पुढे केल्या. त्याने हात पुढे केला नाही.

“राहू द्या तुमच्याचजवळ, काकू,” तो म्हणाला. “घरी असल्या की हात जाते.”

चहालाही थांबला नाही. त्याला नार्नूरची बस गाठायची होती.